बाकावरचे पालक

सोमवारी सकाळी रविराजने सगळ्यांना टेबलाभोवती जमवलं आणि प्राणिसंग्रहालयात मुलांसाठी खेळायची जागा करायचं ठरलं. प्राणिसंग्रहालय खरं नव्हे. ताथवड्यात एका हार्डवेअरच्या दुकानाच्या डोक्यावर, तिसऱ्या मजल्यावर नऊ माणसं बसून एक गेम बनवत होती, त्यातलं. गेमचं नाव 'जंगलवाडी'. खेळणाऱ्याने रिकाम्या माळावर प्राणिसंग्रहालय उभं करायचं. वाघाला पिंजरा, हत्तीला हौद, माणसांना वडापावची गाडी आणि स्वच्छतागृह, अशी सगळ्यांची सोय लावायची आणि मग आलेली गर्दी खूश होते की वैतागून परत जाते ते बघत बसायचं. असल्या कामावर नऊ माणसांची पोटं भरतात हे दुकानाच्या मालकाला अजूनही खरं वाटत नव्हतं.

"लोक बोंब मारतायत," रविराज म्हणाला. तो या नऊ जणांचा मालक, वय वर्षं एकोणतीस. "रिव्ह्यू वाचलेत का कुणी? गेममधली पोरं येतात, माकडं बघतात, पाच मिनिटांत कंटाळतात आणि आईबापाला ओढत गेटबाहेर नेतात. घसरगुंडी पाहिजे, झोका पाहिजे, ते रंगीत चेंडूंचं डबकं पाहिजे. तीन आठवडे आहेत आपल्याकडे."

हे बोलून त्याने आजूबाजूला नजर फिरवली. सगळे पंचविशीच्या आतबाहेरचे, बिनलग्नाचे. लहान मुलांविषयी त्यांना एवढंच ठाऊक की ती वरच्या मजल्यावर राहतात आणि रविवारी सकाळी नाचतात. फिरून फिरून रविराजची नजर कोपऱ्यातल्या टेबलावर थांबली.

"नागसेन भाऊ, तुम्हाला मुलगी आहे ना? पोरं कशी खेळतात, आईबाप तेव्हा काय करतात, ते तुम्ही लिहून द्या. बाकीचे कोड करतील."

"देतो," नागसेन म्हणाला.

इतक्या सरळपणे म्हणाला की कुणाला काही वावगं वाटलं नाही. त्याच्या टेबलावर मुलीचा फोटो होता, तिचं नाव विशाखा हेही सगळ्यांना माहीत होतं. माहीत नव्हतं ते एवढंच, की फोटोतली मुलगी सहा वर्षांची आहे आणि खरी विशाखा आता दहाची आहे. ती वाकडला आईजवळ राहते. नागसेनला ती महिन्यातून दोनदा भेटते, दुसऱ्या आणि चौथ्या शनिवारी, चार ते सहा. नागसेनने हे लपवलं होतं असं नाही. कुणी विचारलं नव्हतं, आणि न विचारता सांगायची त्याला सवय नव्हती.

नागसेन टेस्टर होता. म्हणजे गेम मोडून बघणं हे त्याचं काम. वाघाचं दार उघडं ठेवून बघ, हत्तीला आठवडाभर पाणीच देऊ नको, एकाच बाकावर चाळीस माणसं बसव. कामात हा माणूस असा उपद्व्यापी, आणि एरवी नाकासमोर चालणारा. ते वळण वडिलांचं. विलासराव बत्तीस वर्षं पिंपरीच्या एका कंपनीत पत्रा कापायच्या प्रेसवर होते आणि निवृत्त झाले तेव्हा हाताची दहाच्या दहा बोटं शाबूत होती. प्रेसवर काम केलेल्या माणसाला विचारा, ही केवढी मोठी गोष्ट आहे ते. विलासराव तिचं श्रेय देवाला देत नसत आणि नशिबालाही नाही. "पाटीवर लिहिलंय ना, म्हणजे कुणाचं तरी बोट गेलंय तेव्हा लिहिलंय," असं ते म्हणायचे. पाटी दिसली की वाचायची आणि लिहिलंय तसं वागायचं, एवढं एकच शिक्षण त्यांनी मुलाला हात न उगारता दिलं आणि ते मुलाच्या हाडीमांसी मुरलं.

त्यामुळे अंजलीशी फारकत झाली आणि दोघांच्या सहीने कागद झाला, तेव्हा त्या कागदावर जे होतं ते नागसेनने पाळलं. वाकडच्या मॉलमधल्या खेळघरात भेटायचं. मुलीला तिथून बाहेर न्यायचं नाही. चार ते सहा. त्याच्या वकिलाने वर आणखी एक बजावलं होतं, "समोरची बाजू सगळं लिहून ठेवणार. तुम्हीही लिहून ठेवा. आणि एक पाऊल नियमाबाहेर टाकू नका." मग नागसेनने एक वही घेतली.

पहिल्या शनिवारी तो बूट काढून विशाखाच्या मागोमाग आत निघाला होता. काउंटरवरच्या मुलीने हात आडवा घातला. "सर, मोठ्यांना नाही." नागसेनने बूट परत घातले आणि जाळीच्या बाहेर जो स्टीलचा बाक होता त्यावर जाऊन बसला. तो बसला तो चार वर्षं.

मधूनमधून एखादी आई, एखादा बाप आत दिसायचा. नागसेनने मनाशी हिशेब केला की ती तान्ह्या बाळांची माणसं असतील, त्यांना सूट असेल. विचारायला तो कधी गेला नाही. एकदा सांगितलेलं पुन्हा विचारणं म्हणजे सूट मागणं, आणि सूट मागितली की कुठेतरी लिहिलं जातं, असं त्याच्या डोक्यात पक्कं बसलं होतं.

आता ती वही कामाला आली. सुरुवातीला तिच्यात फक्त वेळा होत्या. 'चार वाजून दोन मिनिटं, आत गेली.' 'पाच वाजता पाणी प्यायली.' पुढे कोर्टकचेरीची भीती ओसरली, तरी हात थांबला नाही. दोन तास बाकावर बसून माणूस करणार तरी काय? फोन बघितला तर बापाचं लक्ष नाही असं दिसेल, आणि नुसतं बघत बसलं तर डोळे भरून येतात. लिहिणं बरं पडायचं.

त्या चार वर्षांच्या वहीतून नागसेनने अकरा पानं काढली. मूल घसरगुंडीच्या पायऱ्या दोनदाच चढतं, तिसऱ्यांदा घसरतीवरून उलटं चढतं. वर पोचलं की बाकाकडे बघून हात हलवतं. तहान लागली की धावत येतं, दोन घोट पितं, बाटली हातात न देता खाली टाकून पळतं. दुसऱ्या मुलाने ढकललं तर आधी बाकाकडे बघतं आणि मग रडायचं की नाही ते ठरवतं. आणि पालक? पालक बाकावर बसतो. दर चार मिनिटांनी उठून जाळीपाशी जातो, उभा राहतो, परत येऊन बसतो. घड्याळ बघतो. मुलाच्या चपला पायानेच सरकवून जोडीने लावतो. थोड्या वेळाने पुन्हा लावतो.

पोरांचं वागणं एकाने कोड केलं, पालकांचं दुसऱ्याने. गुरुवारी दुपारी सगळं एकत्र जोडून रविराजच्या मोठ्या पडद्यावर लावलं. जिराफांच्या कुंपणाला लागून खेळायची जागा, तिच्यात तीसेक पोरं, आणि बाहेर बाकांवर ओळीने बसलेले आईबाप. उठतायत, बसतायत, चपला लावतायत. ऑफिसात एकदम हशा पिकला.

"हा तर डिट्टो माझा बाप राव!" कुणीतरी ओरडलं.

"भाऊ, पोरांपेक्षा पालक भारी जमलेत," रविराज म्हणाला. "एकदम खरे वाटतात. मानलं तुम्हाला."

नागसेनला बऱ्याच दिवसांनी बरं वाटलं. जेवणाच्या सुट्टीत सगळे खाली मिसळ खायला गेले तरी तो एकटाच पडद्यासमोर डबा उघडून बसला आणि ती बाकावरची माणसं बघत राहिला.

संध्याकाळी तो रावेतला घरी गेला. घर अकराव्या मजल्यावर, दोन खोल्यांचं. त्यातली एक विशाखाची. म्हणजे तिच्यासाठी घेतलेली. तिच्यात पलंग होता, त्यावर गादी होती आणि गादीवरचा प्लास्टिकचा कागद त्याने अजून फाडला नव्हता, कारण मुलीने तिथे राहायला यायचं कागदात नव्हतं. खाली सोसायटीची बाग होती. संध्याकाळी पाच ते आठ पोरांचा नुसता गलका असायचा. घर घेतलं त्या पहिल्या महिन्यात नागसेन तिथे एकदा जाऊन बसला होता. "साहेब, तुमचं कुठलं मूल?" वॉचमनने आदबीनेच विचारलं. नागसेन उठला आणि परत कधी गेला नाही. त्या वेळेला तो खिडकी लावून घ्यायचा. लावली तरी आवाज यायचाच.

त्या दिवशी मात्र त्याने खिडकी उघडी ठेवली. शनिवारी लॅपटॉप न्यायचा, विशाखाला गेम दाखवायचा, असं त्याने ठरवून टाकलं होतं. त्यासाठी रविराजची परवानगीही काढून ठेवली, हे सांगायला नकोच.

खरं दुखणं असं होतं, की चार वर्षांत बापलेकीचं बोलणं आटत आटत दोन वाक्यांवर आलं होतं. "शाळा काय म्हणते?" "छान." मग ती आत पळायची. सहाला बाहेर यायची, घामाघूम. "मजा आली?" "हो." सहा वर्षांची होती तेव्हा ती त्याला "पप्पा, तू" म्हणायची. मधेच कधीतरी त्याचं "तुम्ही" झालं. नेमकं कोणत्या शनिवारी, ते वहीतही नव्हतं. नागसेनला रात्रंदिवस एकच धास्ती होती. पोरगी मोठी होतेय. एक दिवस ती यायचं बंद करेल, आणि तिला अडवावं असं आपल्याजवळ काहीच नाही. निदान हा गेम आहे. आपण केलेली एक गोष्ट तिला आवडावी, तिने काही विचारावं, आपण सांगावं, एवढीच त्याची मागणी होती.

शनिवारी तो पावणेचारलाच मॉलमध्ये पोचला. बरोबर चार वाजता अंजली आली, मागे विशाखा. अंजली चाकणच्या एका कंपनीत एचआरला होती. अर्ध्या दिवसाची ड्यूटी करून, तिथल्या ट्रॅफिकमधून सुटून, पोरीला घेऊन ती वेळेवर यायची. वेळेच्या बाबतीत दोघांनीही एकमेकांना कधी बोल लावायला जागा ठेवली नव्हती.

"सहाला येते," ती म्हणाली. "पाण्याची बाटली बॅगेत आहे."

"हो," नागसेन म्हणाला.

ती गेली. विशाखाने चपला काढल्या आणि काउंटरपाशी जाऊन उभी राहिली. तिथे भिंतीवर एक जिराफ रंगवलेला होता आणि त्याच्या मानेपाशी लाल रेघ. एकशे पस्तीस सेंटीमीटर. त्याहून उंच मुलांना आत प्रवेश नाही, हे बाजूच्या पाटीवर मराठीत, हिंदीत आणि इंग्रजीत लिहिलेलं. काउंटरवर मोनिका नावाची मुलगी असायची. तिने विशाखाकडे बघितलं, रेघेकडे बघितलं आणि हळूच म्हणाली,

"अगं, आज वाकली नाहीस?"

"नाही," विशाखा म्हणाली. ती भिंतीला टेकून ताठ उभी होती. लाल रेघ तिच्या कानापाशी येत होती.

"वाकली म्हणजे?" नागसेनने विचारलं.

मोनिका ओशाळली. "सर, दिवाळीपासून ती गुडघे वाकवून उभी राहते. मला दिसायचं, मी चालवून घेत होते. तुमचं ते भेटायचं आहे ना इथलं, मला माहितीये. पण आता वरती कॅमेरा बसवलाय. माझ्यावर येईल. आत नाही सोडता येणार."

"नाही, नाही. नियम आहे," नागसेन घाईने म्हणाला. "तुमचं बरोबर आहे."

आणि मग दोन तास होते आणि जायला जागा नव्हती. वरच्या मजल्यावर खाण्याचे स्टॉल होते, पण ते खेळघरात मोडत नव्हते. बाक मोडत होता. नागसेन जाऊन नेहमीच्या जागी बसला. विशाखा येऊन शेजारी बसली. चार वर्षांत ती त्या बाकावर पहिल्यांदाच बसली होती, आणि नागसेनला आपले हात कुठे ठेवावेत ते कळेना.

"तू वाकायचीस कशाला?" त्याने विचारलं.

"असंच."

"आत खेळायला एवढं आवडतं?"

"नाही. आत सगळी बारकी पोरं आहेत, पप्पा. मला कधीपासून बोअर होतं."

"मग?"

विशाखाने त्याच्याकडे बघितलं, हे काय विचारणं झालं अशा नजरेने. "आपण इथेच भेटतो ना. उंच झाले असते तर तुम्ही कुठे आला असता?"

"मग आज का नाही वाकलीस?" असं नागसेनला विचारायचं होतं. पण उत्तर ऐकायची छाती झाली नाही. त्याऐवजी त्याने लॅपटॉप उघडला.

आणि काय सांगावं, पुढचा दीड तास सोन्यासारखा गेला. विशाखाने पाच मिनिटांत गेम हातात घेतला. कुठे काय दाबायचं ते नागसेनला सांगावंही लागलं नाही. तिने वाघ घेतलाच नाही. पाणमांजरं घेतली, एकदम चौदा, आणि त्यांच्यासाठी माळावर लांबच लांब नदी खणली. वडापावची गाडी तिने हत्तीच्या हौदाला चिकटून लावली आणि हत्तीने सोंडेने गिऱ्हाइकांवर पाणी उडवलं, तेव्हा ती खळखळून हसली. हे असं होऊ शकतं, हे टेस्टर नागसेनलाही माहीत नव्हतं. त्याने कौतुकाने मान हलवली.

"हे तुम्ही बनवलंय?"

"सगळं नाही. हे नवीन आहे ना, खेळायची जागा, ती माझी. घाल बघू."

तिने पाणमांजरांच्या नदीकाठी खेळायची जागा घातली. गेट उघडलं. पोरं धावत आली, आईबाप बाकांवर बसले. विशाखा हनुवटीला हात लावून बघू लागली. घसरगुंडीवर दोन वेण्यांची एक बारकी मुलगी चढली. वर पोचली आणि हात हलवला.

"ही कुणाला हात करते?"

"तिच्या पप्पांना. तो बघ, निळ्या शर्टातला." नागसेनचा आवाज आनंदाने फुलला होता. "मुलं करतात तसं. मी बघून लिहिलंय."

विशाखाने चित्र मोठं केलं. मुलगी घसरली, पुन्हा चढली, पुन्हा हात केला. निळा शर्ट पायाने चपला सरळ करत होता. तिसरी फेरी झाली. चौथी झाली.

"तो बघत नाहीये," विशाखा म्हणाली.

"बघतो की. दर चार मिनिटांनी उठून जाळीपाशी जातो."

"हो, पण तेव्हा ती चेंडूंमध्ये असते. ती वर आली की हा घड्याळ बघतो नाही तर चपला लावतो. बघा ना."

नागसेनने बघितलं. एक फेरी बघितली, दुसरी बघितली. पोरं एकाने लिहिली होती, पालक दुसऱ्याने. मुलीने हात केला म्हणून बापाने वर बघावं, असं कुणीच कुठे लिहिलं नव्हतं. नागसेननेही. चौदा वर्षं तो दुसऱ्यांच्या चुका शोधत आला होता आणि ही त्याच्या अकरा पानांतली चूक त्याला दिसली नव्हती. उलट सगळं ऑफिस म्हणालं होतं, एकदम खरं वाटतं.

"तुम्ही पण असंच करायचात," विशाखा म्हणाली. रागाने नाही. शाळेत काल कोणता तास झाला हे सांगावं तसं. "मी वरून हात करायचे तेव्हा तुम्ही खाली बघून वहीत लिहीत असायचात. ऑफिसचं काम असायचं ना?"

वहीत काय लिहिलेलं होतं ते नागसेनला तोंडपाठ होतं. 'चार चाळीस. वर चढली. हात केला.' त्याला तिचा हात दिसायचा. तो लिहायला खाली बघायचा आणि परत वर बघेपर्यंत ती घसरून गेलेली असायची. ते तुझंच लिहीत होतो, असं तो सांगायला गेला आणि थांबला. तुझ्याकडे बघायचं सोडून तुझ्याबद्दल लिहीत होतो, हे ऐकायला आणखीच वाईट वाटलं असतं.

विशाखा मात्र गेममध्ये गुंतली होती. तिने निळ्या शर्टाला बोटाने उचललं आणि चेंडूंच्या डबक्यात टाकायला नेलं. पडद्यावर लाल अक्षरं आली. मोठ्यांना प्रवेश नाही.

"का?"

"नियम असतो तसा."

"इथे खेळघरात कुठे आहे? इथे यायची ना ती करिष्मा, तिचे पप्पा तर दर वेळी आत यायचे. चेंडू मारायचे आम्हाला."

"ते लहान बाळांच्या पालकांना सोडतात, बेटा."

"करिष्मा माझ्याहून मोठी होती."

नागसेन उठला. काउंटरपाशी गेला आणि चार वर्षं न विचारलेलं आज विचारलं. मोठ्यांना आत जाता येतं का?

"हो की," मोनिका म्हणाली. "मुलाबरोबर असलं आणि मोजे घातले की झालं. मी आले तेव्हापासून असंच आहे. दोन वर्षं होतील." मग तिने त्याच्या चेहऱ्याकडे बघितलं आणि तिचा आवाज उतरला. "तुम्हाला बाहेरच बसायला आवडतं असं वाटलं, सर. तुम्ही कधी विचारलं नाही."

नागसेनने भिंतीवरच्या पाट्या वाचल्या. खाण्याचे पदार्थ आत नेऊ नयेत. बूट रॅकवर ठेवावेत. हरवलेल्या वस्तूंची जबाबदारी आमची नाही. लाल रेघेची पाटी. एकेक करून सगळ्या वाचल्या, तिन्ही भाषांत वाचल्या. मोठ्यांना मनाई करणारी पाटी कुठेच नव्हती. आजवर कधी नव्हतीच. आयुष्यभर पाट्या वाचत आलेला माणूस चार वर्षं नसलेली पाटी पाळत बसला होता. कुणाचंही बोट गेलं नसतं.

तो परत येऊन बसला, तेव्हा विशाखाने लॅपटॉप मिटला होता.

"मला वाटायचं तुम्हाला आत यायला आवडत नाही," ती म्हणाली. "म्हणून मी कधी म्हटलं नाही."

"विशाखा, माझं चुकलं."

"ठीक आहे, पप्पा." तिने त्याच्या गुडघ्यावर दोनदा थोपटलं. लहान मुलाला थोपटतात तसं. आत पोरांचा दंगा चालला होता. घसरगुंडीच्या टोकावर एक टकलू बाबा अडकून बसला होता आणि त्याची दोन पोरं त्याला मागून ढकलत होती. दोघंही तिकडे बघत राहिली. बोलायला पुष्कळ होतं, आणि जे होतं ते उरलेल्या दहा मिनिटांत बसणारं नव्हतं.

सहाला अंजली आली. मोनिकाने तिला उंचीचं सांगितलं.

"अरे देवा," अंजली म्हणाली. मग नागसेनकडे वळली. "आता कागदात बदल करून घ्यावा लागेल. त्यात हेच ठिकाण लिहिलंय. मी वकिलांशी बोलते सोमवारी. पण महिना-दोन महिने जातील हो. तोवर..." तोवर काय ते तिने सांगितलं नाही.

एरवी नागसेन "बरं" म्हणाला असता. आज तो उठून उभा राहिला.

"अंजली, कागदाचं नंतर बघू. आज अजून थोडा वेळ थांबाल का दोघी? अर्धा तास. वरती जाऊन काहीतरी खाऊ. किंवा मी तिला खाली नेतो, कुठेही, मोकळ्यावर. तू पण चल हवं तर."

अंजली त्याच्याकडे बघतच राहिली. चार वर्षांत या माणसाने पाच मिनिटं जास्त मागितली नव्हती. त्याआधी नऊ वर्षांच्या संसारातही त्याने मागितलेलं तिला फारसं आठवत नव्हतं. ती वाईट बाई नव्हती. तिने घड्याळ बघितलं आणि मान डोलावली.

"मला चालेल. विशाखाला विचारा. विशू, थांबायचंय का गं?"

विशाखाने बॅगेचा एक पट्टा खांद्यावर चढवला होता. तिने आधी आईकडे बघितलं, मग बापाकडे.

"पण सहा वाजले ना," ती म्हणाली.

"वाजू देत गं. काही होत नाही."

"नाही पप्पा, सहापर्यंतच असतं." ती त्याला समजावत होती, अगदी मायेने, आवाज खाली आणून. "नियम आहे. तुम्हीच सांगितलं होतं ना मला."

सांगितलं होतं. पहिल्याच वर्षी, याच ठिकाणी. तेव्हा ती सहा वाजता त्याच्या शर्टाला लोंबकळली होती. 'पप्पा, मी नाही जाणार, तू पण चल,' म्हणून सगळा मजला डोक्यावर घेतला होता, आणि त्याने तिची बोटं एकेक करून सोडवली होती. हे असं नसतं करायचं बाळा, सहा वाजले, नियम आहे, असं म्हणत सोडवली होती. ती दोन-तीन शनिवार रडली. मग शहाणी झाली. पोरगी लवकर समजूतदार झाली म्हणून त्याला तेव्हा किती बरं वाटलं होतं.

विशाखाने दुसरा पट्टाही खांद्यावर घेतला आणि त्याच्या उत्तराची वाट बघत थांबली.

"हो," नागसेन म्हणाला. "बरोबर आहे तुझं." आणि त्यांना जायला वाट मिळावी म्हणून तो बाजूला झाला.